चौदा तारखेआधी उमलायचं नाही

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी माझ्या बायकोचा आवाज बदलतो.

एरवी अनसूयेचा आवाज म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या बाळंतीण-कक्षात बत्तीस वर्षं कमावलेला आवाज. "जोर लाव!" हे दोन शब्द तिनं इतक्या हजार वेळा उच्चारलेत, की निवृत्तीनंतर मी नारळ खवायला बसलो तरी ती तेच म्हणते. पण रविवारी हॉलमध्ये सतरंज्या पडतात, पाच-सहा गर्भार मुली उशांना टेकून बसतात, आणि त्याच गळ्यातून असं काही मऊ बाहेर येतं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात आणखी कोण बाई आली हे बघायला मी स्वयंपाकघरातून डोकावलो होतो. "आता खांदे सैल सोडा... कपाळावरची आठी पुसून टाका..." चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या कपाळावर आठ्या आल्या त्या बहुतेक तिच्यामुळेच, पण त्या पुसायची सूचना इतक्या प्रेमानं मला कधी झाली नव्हती.

हा शांत प्रसूतीचा वर्ग. निवृत्त झाल्यावर अनसूयेनं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं. त्यात श्वास आहे, अंग सैल सोडणं आहे आणि स्वसंमोहन आहे. संमोहन म्हटलं की लोकांना दोरीला बांधलेलं घड्याळ आठवतं आणि स्टेजवर कोंबड्यासारखा आरवणारा माणूस. म्हणून ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते, "मालिका बघता बघता गॅसवरचं दूध उतू जातं ना, तेव्हा तुम्ही स्वतःला संमोहितच केलेलं असतं. आपण तेच शिकायचं, फक्त दूध सांभाळून. आणि हे औषधाऐवजी नाही. डॉक्टर म्हणाल्या सीझर, तर सीझर. तिथंही श्वास हाच."

माझ्याकडे चहाचं खातं आहे. शिवाय मुलींबरोबर आलेल्या आया-सासवांना स्वयंपाकघरात बसवून गप्प ठेवायचं कामही माझंच. चहा जमतो.

सुवर्णा आली ती नोव्हेंबरात. ओझरच्या विमान कारखान्याच्या पलीकडे, जानोरीच्या शिवारात त्यांची गुलाबाची दोन पॉलीहाऊस आहेत. नवरा ललित पिकअप घेऊन सोडायला आला होता आणि सोबत सासू, नवसाबाई. सुवर्णा सत्ताविशीची, बारीक चणीची, सहावा महिना. आल्या आल्या तिनं आमच्या टेबलावरच्या फुलदाणीतला एक गुलाब उचलला, कळीच्या खाली दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिला आणि मला विचारलं, "काका, हे फुलवाल्यानं कालचं म्हणून दिलं का?"

"हो. अगदी ताजं म्हणाला."

"मंगळवारचंय," ती म्हणाली आणि फूल परत ठेवलं. रोज हजारभर कळ्या त्या बोटांखालून जातात. डॉक्टर नाडी बघतात तशी ती कळी बघते. माझ्याही हाताकडे तिनं त्या दिवशी एकदा पाहिलं होतं, पण वयाचा अंदाज बोलून दाखवला नाही, हा तिचा चांगुलपणा.

पहिल्या दिवशी अनसूया प्रत्येकीला विचारते, तू का आलीस? कुणी म्हणतं इंजेक्शनची भीती वाटते, कुणी म्हणतं जाऊबाईंनी सांगितलं. सुवर्णा म्हणाली, "मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"बाळ."

हॉलमध्ये दोघी-तिघी हसल्या. बाळ काय, सगळ्याच बघणार. पण सुवर्णाचं तसं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी झाली, ओवी. तेव्हा ही इतकी घाबरली होती की अठरा तास तिनं दात आवळलेले, मुठी आवळलेल्या आणि डोळे तर असे गच्च मिटलेले, की नर्सनं विचारलं, हिला दिसतं ना? तळहातात रुतलेल्या नखांच्या खुणा आठवडाभर गेल्या नाहीत. बाळ सुखरूप झालं. पण सुवर्णानं डोळे उघडले तेव्हा ते पुसून, गुंडाळून नवसाबाईंच्या मांडीवर पोचलेलं होतं.

"ओवी पहिल्यांदा कशी दिसली, हे मला सोडून सगळ्यांना माहितीय," ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. चार वर्षं ती माहिती गोळा करत होती. ललित म्हणायचा, डोळे टक्क उघडे होते. नवसाबाई म्हणायच्या, "डोळे कुठले! वांग्यावानी दिसत व्हती. जांभळी नि चकचकीत." नंतर तपासणीला गेल्यावर डॉक्टर म्हणाली, सगळी बाळं सारखीच दिसतात हो. कुठं घरफोडी झाली की पंचनाम्यात प्रत्येक साक्षीदार वेगळं सांगतो, तशातली गत. आईच तेवढी जागेवर असून हजर नव्हती.

"या वेळी डोळे उघडे ठेवायचेत, मावशी. बाकी काही दुखू दे."

अनसूयेनं वहीत लिहून घेतलं. रात्री जेवताना तिनं ती वही दोनदा उघडून पाहिली, म्हणजे तिच्या मनात ती पोरगी बसली होती.

इकडे स्वयंपाकघरात नवसाबाई माझ्याशी वेगळ्याच चौकशीत होत्या. "भाऊ, खरं सांगा. ह्ये संमोहन म्हंजी भानामतीच ना?"

"नाही हो. नुसतं शांत बसायचं."

"मंग त्याला एवढ्या लांब कशाला यायचं? शांत तर ती घरी बी बसती. लय कामं असली म्हंजी तर लयच शांत बसती." पण म्हणाल्या तेवढंच. दर रविवारी सुनेच्या आधी चपला घालून त्याच तयार असायच्या. शहरात शिरताना द्वारकेच्या चौकात गाडी अडकली की ललित हॉर्न दाबायचा आणि शेजारून नवसाबाई ओरडायच्या, "आरं श्वास घे श्वास! आत चार, भाईर आठ!" वर्ग सुनेचा होता, अभ्यास सासूचा चालला होता.

सुवर्णाला श्वास जमला. खांदे जमले. जबडा सैल सोडणं जमलं. जबडा सैल तर खालचंही सैल, हे अनसूयेचं बत्तीस वर्षांचं शास्त्र. गाडी अडली ती गुलाबाशी.

या वर्गात एक ठरलेला पाठ असतो. सगळ्या डोळे मिटून पडतात आणि अनसूया सांगते, "डोळ्यांसमोर गुलाबाची कळी आणा. घट्ट मिटलेली. आता सकाळचं ऊन पडतंय... एक पाकळी सैल होतेय... आता दुसरी... कळीला घाई नाही... ती हळूहळू उमलतेय... तुमचं शरीरही तसंच..." इतकं गोड सांगते, की शेजारच्या इमारतीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. मी दाराआड असलो तर दुसऱ्या पाकळीला झोपतो. मुलींच्या मुठी उघडतात, ओठ सैल पडतात, एकीचा तर डोळा लागतो.

सुवर्णाच्या मुठी मात्र बरोबर पहिल्या पाकळीला आवळायच्या. दुसरीला दात. चौथ्या-पाचव्या पाकळीला तिच्या कपाळावर घाम यायचा. आणि पूर्ण फूल उमललं की ती हुश्श करून उठून बसायची, कुणीतरी गेल्याची बातमी ऐकल्यासारखी.

एक रविवार झाला, दोन झाले, तीन झाले. अनसूयेला वाटलं आपलंच चुकतंय. तिनं पाकळ्या कमी केल्या. मग ऊन कमी केलं. बुधवारी मला सतरंजीवर झोपवून माझ्यावर प्रयोग केला, आणि मी घोरायला लागल्यावर म्हणाली, "तुमचा काही उपयोग नाही. तुम्ही मूळचेच सैल."

सुवर्णा बिचारी संकोचानं काही बोलेना. इतक्या मोठ्या बाईंनी इतक्या प्रेमानं दिलेलं फूल, त्याला नाव कसं ठेवायचं? विचारलं की म्हणायची, "छान वाटतं, मावशी." आणि पुन्हा मुठी.

चौथ्या रविवारी आमच्या स्वयंपाकघराचं दार नीट लागलं नव्हतं. नवसाबाई बशीत चहा ओतत होत्या. हॉलमधून आवाज आला, "...आता पाचवी पाकळी उमलतेय... गुलाब पूर्ण फुलतोय..."

बशी तशीच ठेवून नवसाबाई उठल्या. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्या हॉलच्या मधोमध.

"आवं बाई, काय करता ह्ये! फुलवता काय! फुललं म्हंजी माल गेला की वो!"

संमोहित अवस्थेतून सहा बायका एकदम बाहेर आल्या.

"नवसाबाई, अहो हे मनातलं फूल आहे," अनसूया म्हणाली.

"मनातलं आसंल न्हायतर वावरातलं! आमच्यात गुलाब फुलवत नाय कोणी. मिटल्यालं हाय तवर माल. येक पाकळी सुटली का तो गेला उकिरड्यावर. लगीन होऊन आली तवापासनं ही पोर कळ्या मिटवून ठिवती, आन् तुम्ही तिच्या म्होरं फुलं फुलवता. तिला दरदरून घाम नाय फुटनार तं काय हुईल?"

मग सगळं बाहेर आलं. वाटाण्याएवढी कळी दिसली की तिच्यावर प्लॅस्टिकच्या जाळीची टोपी चढवायची, म्हणजे ती लांब वाढते पण उघडत नाही. कापणीला आली की भल्या पहाटे कापायची, बादलीत उभी करायची आणि लगेच शीतगृहात. गुलाबाला जगात एकच सण, चौदा फेब्रुवारी. त्यासाठी डिसेंबरात छाटणी करायची आणि मग दोन महिने सगळ्या घरानं कळ्यांना विनवायचं, थांब बाई, उमलू नकोस, चौदा तारखेआधी उमलायचं नाही. फुललेला गुलाब सुवर्णाच्या दृष्टीनं सुंदर नव्हताच. ती एक चूक होती, आणि बहुतेक वेळा तिची.

"अगं, मग बोलली का नाहीस?" अनसूयेनं विचारलं.

"मी मनातल्या मनात टोपी घालून बघितली, मावशी," सुवर्णा खाली मान घालून म्हणाली. "पण तुम्ही उन्हात ठेवलं होतं ना. बसेना."

त्यावर जे हसू फुटलं त्यात अनसूयेचा तो कमावलेला जुना आवाज परत आला. पण हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. गुलाब नाही, तर दुसरं काय? सगळा वर्ग सुचवायला लागला.

"मोगरा?"

"मोगऱ्याच्याही कळ्याच विकतात," सुवर्णा म्हणाली.

"कमळ?"

"कमळात पाय घालायचा म्हणजे चिखल. लहानपणी रुतले होते मी."

"समुद्राच्या लाटा घे."

"एकदा बघितला समुद्र. गाडीनं मळमळलं होतं, तेच आठवतं."

मी दारातून धीर करून कुलूप उघडण्याची कल्पना मांडली. सहा गर्भार बायकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे परत गेलो.

शेवटी अनसूया म्हणाली, "मी सुचवणार नाही. तू शोधून आण. दिवसभरात तुझं अंग आपोआप कधी सैल पडतं, तेवढंच बघ. आठवडाभर बघ."

पुढच्या रविवारी सुवर्णा आली ती पायरीवरच सांगत आली, "मावशी, सापडलं. पडदा."

थंडीत पॉलीहाऊसचे बाजूचे पडदे संध्याकाळी खाली सोडतात. सकाळी नऊच्या सुमाराला आत वाफ कोंडली की ते वर घ्यायचे. लांबच्या लांब लोखंडी पाइपला पडदा गुंडाळत जातो आणि टोकाला एक हँडल असतं, ते फिरवायचं. लग्न झाल्यापासून हे काम सुवर्णाचं. "घाईनं फिरवलं की पाइप वाकडा येतो, पडदा फाटतो," ती म्हणाली. "एकसारखं फिरवावं लागतं. एक फेरा, की पडदा वीतभर वर. आधी पायांना गार वारं लागतं, मग गुडघ्यांना. मग खालची पानं हलतात. वीस-बावीस फेऱ्यांत सगळं मोकळं."

"आणि तुला तेव्हा कसं वाटतं?"

"जुनं हँडल आहे. मध्येच सोडलं तर पडदा धाडकन खाली येतो. सगळ्यांना माहितीय ते. म्हणून तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही."

स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसलेल्या नवसाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. दिवसातून पाच मिनिटं हाक न मारणं ही सुनेची सगळ्यात सुखाची वेळ, हे त्यांना त्या दिवशी कळलं. बशीतला चहा निवला तरी त्यांनी तोंडाला लावला नाही. मग म्हणाल्या, "भाऊ, मी हाका जरा जास्तच मारती का हो?"

मी म्हणालो, "चहा गरम करून देतो."

अनसूयेनं त्याच रात्री नवा पाठ लिहिला. पाइप किती लांब, हँडल कुठल्या बाजूला, वाफेला वास कसला, सगळं ललितला फोन करून विचारलं. ललित कृषी पदवीधर, त्यानं पॉलीहाऊसचं तापमान आणि आर्द्रतासुद्धा सांगितली. श्वास आत, की हँडल धरायचं. श्वास बाहेर, की एक फेरा. बाळंतपणात सोबत ललितनं थांबायचं ठरलं होतं, म्हणून त्याला एकच वाक्य नेमून दिलं. "हळू. पाइप सरळ येऊ दे." तेवढंच, त्याच आवाजात. ललितला हे वाक्य चटकन जमलं, कारण लग्नानंतर पहिल्या आठवड्यात बायकोला हँडल शिकवताना त्यानं हेच म्हटलं होतं. त्यांच्या संसारात प्रेमाचं म्हणून जे काही बोलणं झालं असेल, त्यात हे बरंच वर असावं.

नव्या पाठाला सुवर्णाचे हात पहिल्यांदा उघडे राहिले. तळवे वर, बोटं सुटी. अनसूयेनं मला दारातून खुणेनं दाखवलं.

नवसाबाईंनी घरी गेल्यावर आणखी एक हुकूम काढला. सुवर्णानं कळ्यांना टोप्या घालायच्या नाहीत. आठवा लागला होता, ती स्टुलावर बसून टोप्या चढवायची, काम हलकं होतं. पण सासू म्हणाली, "दिसभर मिटवायचं नि ऐतवारी सोडायचं शिकायचं, ह्ये कसं व्हईल? तू फक्त पडदा घे. टोप्या मी घालती." शास्त्रात हे कुठं बसतं मला माहीत नाही. पण ऐन हंगामात, जेव्हा माणूस मिळत नाही, तेव्हा सत्तरीला टेकलेली बाई रोज शेकड्यानं कळ्यांना टोप्या घालत होती. आणि नऊ वाजता पडद्याच्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोललं तर त्याच दटावायच्या, "हळू! तिचा पडदा चाललाय!" एकूण आवाज सगळ्यात मोठा त्यांचाच व्हायचा, ते सोडा.

डॉक्टर तृप्तींनी तारीख दिली होती अठरा फेब्रुवारी. सगळं घर खूश. चौदाचा माल जाणार, मग चार दिवस विश्रांती, मग बाळ. हिशेबी बाळ म्हणून ललितनं त्याचं कौतुकही सुरू केलं होतं. पण पोटातल्याला टोपी घातलेली नव्हती.

सात फेब्रुवारी, सकाळचे नऊ. पॉलीहाऊसच्या शेडमध्ये खोकी भरणं चाललेलं. सुवर्णा हँडल फिरवत होती. सातव्या-आठव्या फेऱ्याला पहिली कळ आली. तिनं हँडल सोडलं नाही. श्वास बाहेर, फेरा. श्वास बाहेर, फेरा. बाविसावा फेरा पुरा केला, खिट्टी लावली, शेडमध्ये आली आणि म्हणाली, "अहो, खोकी राहू द्या."

ललितनं हातातलं खोकं राहू दिलं ते थेट जमिनीवर.

गाडी ती एकच, पिकअप, आणि मागं आठ खोकी चढवून झालेली. उतरवण्यात वेळ जाईल म्हणून तशीच काढली. पुढं तिघं, ललित, सुवर्णा, नवसाबाई. ओवी आत्याकडे. ओझरपर्यंत ठीक. द्वारकेला ट्रक, बस, रिक्षा, सगळ्यांची आज तिथंच बैठक. ललितनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. नवसाबाई आत चार बाहेर आठ हा सगळा अभ्यास विसरल्या, त्या खिडकीतून बाहेर डोकं काढून अख्ख्या चौकाला आपल्या सुनेची अवस्था सांगत होत्या.

त्या दोघांच्या मध्ये डोळे अर्धे मिटून बसलेली सुवर्णा नवऱ्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "हळू. पाइप सरळ येऊ दे."

ललितचा फोन आल्यावर आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर ती आत गेली होती. सोबत एकालाच परवानगी, तो ललित. त्यामुळे पुढचं मला त्याच्याकडून कळलं, आणि थोडं डॉक्टरांकडून, ज्या सांगताना हसून हसून डोळे पुसत होत्या.

दुपारी बारापर्यंत सगळं छान चाललं होतं. मग तिला दुसऱ्या खोलीत नेलं आणि तिथं गाडी थांबली. तास झाला, पुढं सरकेना. डॉक्टर म्हणाल्या, थांबू, बाळाचे ठोके उत्तम आहेत, घाई नाही. पण ललितला दिसलं की सुवर्णाच्या मुठी आवळल्यात. जबडाही. त्यानं नेमून दिलेलं वाक्य म्हटलं. पुन्हा म्हटलं. उपयोग नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि दर कळेला डोळे गच्च मिटून घेत होती, अगदी चार वर्षांपूर्वीसारखे.

ललितनं वळून भिंतीकडे पाहिलं. तिथं माणूसभर उंचीचं चित्र होतं. एक गुलाब. कळीपासून पूर्ण फुलापर्यंत पाच टप्पे, गुलाबी रंगात, आणि खाली 'उमलू द्या'.

"डॉक्टर, हे काढता येईल का?"

"का हो? सगळ्यांना आवडतं ते."

"आमच्याकडे शेवटचे तीन फेकून देतात."

डॉक्टरांनी एकदा ललितकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. भिंतीला पक्कं चिकटवलेलं होतं, निघेना. मग ललितनं बाहेरून नवसाबाईंची हिरवी शाल मागून आणली, खुर्चीवर चढून वरच्या दोन खिळ्यांना अडकवली आणि खाली सोडली. सगळा गुलाब झाकला. हिरवा पडदा.

तो खुर्चीवरून उतरेपर्यंत सुवर्णा हसायला लागली होती. कळ येत होती आणि ती हसत होती. अनसूया म्हणते, हसताना जबडा आवळून धरता येत नाही, करून बघा.

त्यानंतर ती शांत राहिली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. बाहेर बाकावर आम्हाला दोनदा तिची अशी आरोळी ऐकू आली की नवसाबाईंनी माझा हात धरला. मी अनसूयेकडे पाहिलं. ती म्हणाली, "असू दे. शांत म्हणजे मुकं नव्हे. हा आवाज घाबरलेल्या बाईचा नाही. बत्तीस वर्षं ऐकलाय, मला फरक कळतो." आणि मग सवयीनं, कुणालाच उद्देशून नाही, हळूच म्हणाली, "जोर लाव."

आत शेवटच्या घटकेला सुवर्णाचे डोळे पुन्हा मिटले. गच्च. ललितला वाटलं आता गेलं, या वेळीही गेलं. नेमून दिलेलं वाक्य त्याला आठवेना. अनसूयेनं शिकवलं नव्हतं ते तो बोलला, रोज सकाळी पडदा पूर्ण वर आला की शेडमधून जे ओरडायचा तेच.

"सुवर्णा, आला वर. सोड आता. बघ."

तिनं डोळे उघडले.

साडेतीनला नर्स कपड्यात गुंडाळलेलं बाळ दाखवायला बाहेर आली. मुलगी. नवसाबाई पुढं धावल्या, हात पसरले आणि तिथंच थबकल्या. बाळाच्या डोक्यावर लोकरीची पांढरी टोपी होती, कानापर्यंत ओढलेली.

"टोपी काढा," नवसाबाई म्हणाल्या.

"आजी, थंडी वाजेल तिला. ठेवावीच लागते."

"आवं, टोपीपायी तर एवढं रामायण झालं! दोन महिने मी सुनेला टोपीला हात लावू दिला नाय, आन् तुम्ही जल्माला येत न्हाय तवर घातली!"

अनसूयेनं मध्ये पडून समजावलं, की उबेसाठी टोपी हवीच, ही कळी मिटवायची टोपी नव्हे. नवसाबाईंनी पुष्कळ विचार केला. "बरं. ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर चौदा तारखेनंतर काढायची."

संध्याकाळी आम्ही आत गेलो. खोकी मार्गी लावून ललितही परत आला होता, आत्याकडून ओवीला घेऊन. ओवी पलंगावर चढून आईच्या कुशीत शिरली आणि झोपलेल्या बहिणीकडे संशयानं बघत म्हणाली, "ही पहिल्यांदा कशी दिसत होती?"

नवसाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, "वांग्या..." आणि मिटलं. त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत बाळ पुसून, गुंडाळून, टोपी घालूनच आलेलं. ललितला विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, माझं सगळं लक्ष हिच्या डोळ्यांकडे होतं.

मग आम्ही सगळे सुवर्णाकडे बघायला लागलो. तिनं उशी सरळ केली. पाणी प्यायली. कुणीही हाक मारली नाही.

"सांगते," ती म्हणाली. "आधी कपाळ. त्याच्यावर आठी, यांच्यासारखी. मग एक डोळा उघडला, डावा..."

आणि ती सांगत राहिली, एकसारखी, अजिबात घाई न करता.